जीआयएफ, एमपी४, वेबपी की एसव्हीजी? हलत्या चित्रासाठी कोणता फॉरमॅट निवडायचा?

पोळ्याचा दुसरा दिवस नागपुरात दुहेरी धामधुमीचा असतो. गल्लोगल्ली लहान मुलं लाकडी नंदीबैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात आणि त्याच दिवशी जुन्या नागपुरातून पिवळी मारबत, काळी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. साहजिकच मोबाइलवरही हलत्या चित्रांचा पूर येतो. कुठे नंदीबैल मान डोलावतो, कुठे शुभेच्छांची अक्षरं चमचमतात, तर कुठे मिरवणुकीची पाच-सात सेकंदांची क्लिप फिरत राहते.

यातली बरीच चित्रं समोरच्याच्या फोनवर पोचेपर्यंत बिघडलेली असतात. अक्षरं पुसट होतात, बैलाभोवती पांढरी किनार येते, पारदर्शक ठेवलेली पार्श्वभूमी काळी होते, किंवा चित्र हलतच नाही. चित्र काढणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि कार्यक्रमाचं निमंत्रण असेल तर वेळ आणि ठिकाणच वाचता येत नाही. अशा वेळी चूक बहुतेकदा डिझाइनची नसून फाइलच्या फॉरमॅटची असते.

उदाहरणादाखल असं धरू की नंदनवनमधल्या एका मंडळाला तान्ह्या पोळ्यासाठी चार गोष्टी हव्या आहेत: मारबतीच्या मिरवणुकीची फिरती क्लिप, व्हॉट्सॲपसाठी नंदीबैलाचं स्टिकर, मंडळाच्या वेबसाइटवर हलणारं बोधचिन्ह आणि ईमेलने पाठवायचं निमंत्रण. या चारही गोष्टींना 'ॲनिमेशन' म्हणता येईल, पण एकच फॉरमॅट चारही ठिकाणी चालणार नाही. का, ते पाहू.

मुळात फॉरमॅट करतो काय?

हलतं चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं, ते याच तत्त्वामुळे. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात.

आता जरा हिशेब करू. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, पाच सेकंदांचं, सेकंदाला २० फ्रेम असलेलं ॲनिमेशन घ्या. एकूण फ्रेम झाल्या १००. प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवायला तीन बाइट धरले तर सगळ्या फ्रेम मिळून जवळपास ७.९ कोटी बाइट होतात, म्हणजे सुमारे ७९ एमबी. पाच सेकंदांच्या शुभेच्छेसाठी एवढा डेटा कोणीच खर्च करणार नाही.

म्हणून प्रत्येक फॉरमॅट काही ना काही गाळतो किंवा आटोपशीर लिहून ठेवतो. कोणी रंग कमी करतो, कोणी दोन फ्रेममध्ये जेवढा बदल झाला तेवढाच साठवतो, तर कोणी चित्र न साठवता ते कसं काढायचं याच्या सूचनाच साठवतो. कोणता फॉरमॅट काय गाळतो हे कळलं, की निवड बरीच सोपी होते.

जीआयएफ एवढं लोकप्रिय का? आणि त्याची अडचण काय?

जीआयएफ हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये आणला. स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तो तयार केला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत फ्रेममध्ये किती वेळ थांबायचं हे नोंदवण्याची सोय झाली. पुढे नेटस्केप नेव्हिगेटर २.० या ब्राउझरने तेच ॲनिमेशन पुन्हा पुन्हा फिरवायची सोय दिली आणि वेबवर फिरत्या चित्रांची लाट आली. आज जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि ईमेलमध्ये ते उघडतं. हीच त्याची खरी ताकद.

पण त्याच्या मर्यादा १९८० च्या दशकातल्याच आहेत. पहिली मर्यादा रंगांची. एका फ्रेमच्या रंगपेटीत जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. सपाट रंगात काढलेल्या नंदीबैलाला ते पुरतात. मारबतीच्या मिरवणुकीत मात्र हजारो चेहरे, गुलाल, ऊन, सावल्या असतात. एवढे रंग २५६ मध्ये बसवताना सॉफ्टवेअर बारीक ठिपके मिसळून मधल्या छटांचा भास निर्माण करतं. त्यामुळे चित्र दाणेदार दिसतं आणि फाइलही फुगते.

दुसरी मर्यादा पारदर्शकतेची. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरीव. अर्धपारदर्शक असा प्रकारच नाही. पांढऱ्या कागदावर काढलेला बैल गडद रंगाच्या चॅटवर गेला की त्याच्या शिंगांभोवती पांढरी दातेरी किनार दिसते, ती यामुळेच.

तिसरी मर्यादा वजनाची. गूगलच्या वेब डेव्हलपरांसाठीच्या मार्गदर्शनात एक उदाहरण दिलेलं आहे: ३.७ एमबीची जीआयएफ एमपी४ व्हिडिओत बदलल्यावर ५५१ केबीची झाली आणि वेबएम व्हिडिओत ३४१ केबीची. वेबसाइटवर ती ५०० लोकांनी पाहिली असं धरलं, तर जीआयएफने सुमारे १,८५० एमबी डेटा खर्च होईल आणि एमपी४ ने सुमारे २७५ एमबी. दृश्य तेच, पण पाहणाऱ्यांचा डेटा जवळपास सातपट कमी लागतो.

व्हॉट्सॲपवरची 'जीआयएफ' खरं तर जीआयएफ नसतेच

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. व्हॉट्सॲपवर ज्या फिरत्या चित्रावर 'जीआयएफ' असं लिहिलेलं असतं, ती प्रत्यक्षात आवाज नसलेली एमपी४ व्हिडिओ फाइल असते. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, २०१४ पासून हेच करत आलं आहे. तुम्ही जीआयएफ चढवली तरी तिकडे तिचा व्हिडिओ करूनच दाखवला जातो.

याचा परिणाम लक्षात घ्या. मूळ व्हिडिओवरून कोणी जीआयएफ बनवली तर त्यातले रंग एकदा कमी झाले. मग व्हॉट्सॲपने तिचा पुन्हा व्हिडिओ केला, तेव्हा गुणवत्ता दुसऱ्यांदा घसरली. त्यातच जीआयएफमधल्या बारीक ठिपक्यांचा दाणेदारपणा व्हिडिओच्या तंत्राला पेलायला अवघड जातो. म्हणजे दोन्ही तंत्रांचे तोटे पदरात पडतात आणि फायदा एकाचाही मिळत नाही.

म्हणून मिरवणुकीच्या क्लिपसाठी साधा नियम असा: कॅमेऱ्यातून आलेलं दृश्य व्हिडिओच राहू द्यावं. क्लिप हवी तेवढी कापावी, आवाज नको असेल तर काढून टाकावा आणि एमपी४ म्हणून पाठवावी. छोटी क्लिप पाठवताना ती जीआयएफसारखी फिरती ठेवायचं बटण व्हॉट्सॲपमध्येच असतं. इन्स्टाग्रामच्या रीलसाठीही एमपी४ हाच सरळ मार्ग आहे.

व्हिडिओत अक्षरं पुसट का होतात?

एमपी४ फाइलमध्ये बहुतेक वेळा एच.२६४ हे तंत्र वापरलेलं असतं. ते माणसाच्या डोळ्याच्या एका सवयीचा फायदा घेतं. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, पण रंगातला बारीक फरक तितका टिपत नाही. म्हणून व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, तर रंगाची माहिती चार पिक्सेलच्या एका चौकोनाला मिळून एकच असते.

मिरवणुकीत हे लक्षातही येत नाही. शुभेच्छांच्या मजकुरात मात्र लगेच दिसतं. लाल अक्षरं हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर ठेवली, तर दोन्ही रंगांचा उजेड जवळपास सारखा असू शकतो. अशा वेळी अक्षराची कड केवळ रंगावर अवलंबून राहते आणि नेमका रंगच अर्धवट साठवलेला असतो. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकार या गोष्टी आधीच बारीक असतात. त्या सर्वांत आधी विरघळतात.

यावर उपाय फुकटचा आहे. गडद पार्श्वभूमीवर फिकी किंवा फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं घ्यावीत, टाइप जाड आणि मोठा ठेवावा. चित्र कृष्णधवल करून पाहावं. तसंही मजकूर स्वच्छ वाचता आला, तर तो व्हिडिओतही तग धरेल.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, एमपी४ साठी चित्राची लांबी-रुंदी सम संख्येत ठेवावी. ५११ पिक्सेलसारखी विषम संख्या असेल तर फाइल बनवतानाच अडचण येऊ शकते. दोन, नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत पारदर्शकता नसते. मोकळी ठेवलेली पार्श्वभूमी काळी किंवा पांढरी होऊन येते.

मग स्टिकरसाठी काय?

पारदर्शक पार्श्वभूमी आणि मऊ कडा हव्या असतील तर वेबपी उपयोगी पडतो. गूगलने २०१० मध्ये जाहीर केलेल्या या फॉरमॅटमध्ये २५६ रंगांचं बंधन नाही आणि अर्धपारदर्शक पिक्सेलही चालतात. व्हॉट्सॲपचे स्टिकर याच फॉरमॅटमध्ये असतात. स्टिकर बनवणाऱ्यांसाठी कंपनीचे नियमही स्पष्ट आहेत: आकार ५१२ बाय ५१२ पिक्सेल, स्थिर स्टिकर १०० केबीच्या आत, हलतं स्टिकर ५०० केबीच्या आत आणि ॲनिमेशन १० सेकंदांपेक्षा मोठं नको.

वर काढलेला ७९ एमबीचा आकडा आठवा. तेवढ्या पिक्सेलची गोष्ट ५०० केबीत सांगायची, म्हणजे सुमारे १५० पटींनी आकसायची. हे जमतं, पण चित्र तसं असेल तरच. बैल सपाट रंगात असावा, फक्त मान आणि शेपटी हलावी, बाकीचं अंग स्थिर राहावं. जो भाग हलत नाही, तो पुन्हा पुन्हा साठवावा लागत नाही. संपूर्ण चित्रावर चमचम टाकली की प्रत्येक फ्रेम नवी होते आणि फाइल हाताबाहेर जाते. सेकंदाला २० ऐवजी १२ फ्रेम ठेवल्या तरी डोलणारी मान डोळ्यांना खटकत नाही.

वेबपीचे दोन भाऊबंदही आहेत. एपीएनजी म्हणजे हलणारी पीएनजी. जीआयएफमधल्या संक्षेपाच्या तंत्रावर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. १९९४ च्या अखेरीस त्यासाठी शुल्काची मागणी झाली आणि त्यातून पीएनजीचा जन्म झाला. पण मूळ पीएनजी हलत नव्हती. मोझिलातल्या मंडळींनी २००४ मध्ये हलती आवृत्ती मांडली. पीएनजीच्या प्रमाणकात तिला अधिकृत जागा मिळाली ती थेट २०२५ मध्ये. तिच्यात रंग आणि कडा अगदी स्वच्छ राहतात, पण फाइल बरीच मोठी होऊ शकते. दुसरा भाऊ एव्हीआयएफ. तो आकाराने फारच आटोपशीर असतो, पण जुन्या फोनवर आणि जुन्या ब्राउझरमध्ये उघडेलच असं नाही.

वेबसाइटवरच्या बोधचिन्हासाठी एसव्हीजी की लॉटी?

आतापर्यंतचे सगळे फॉरमॅट पिक्सेल साठवतात. एसव्हीजीची रीत वेगळी आहे. इथून इथपर्यंत रेघ ओढ, हे वर्तुळ केशरी रंगाने भर, ते दोन सेकंदांत उजवीकडे ने, अशा सूचना त्यात अक्षरात लिहिलेल्या असतात. ब्राउझर त्या वाचून चित्र काढतो. त्यामुळे चित्र फोनवर पाहा की मोठ्या पडद्यावर, कड तितकीच धारदार राहते. साध्या बोधचिन्हाची फाइल काही केबींत आटोपते. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये एसव्हीजीला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला.

लॉटी हा त्याच विचाराचा पुढचा प्रकार. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेलं ॲनिमेशन तो जेसन फाइलमध्ये सूचना म्हणून उतरवतो. एअरबीएनबीने २०१७ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. जर्मन ॲनिमेशनकार लोटे रायनिगर यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. ॲपमध्ये पैसे भरल्यावर दिसणारी बरोबरची खूण, रिकाम्या पानावरचं डुलणारं चित्र, अशा कामांसाठी लॉटी सोयीचा. पण तो चालवायला वेबसाइटवर वेगळा प्लेअर जोडावा लागतो. एका लहानशा बोधचिन्हासाठी तेवढा खटाटोप करायचा का, हे आधी पाहावं. आणि मिरवणुकीच्या क्लिपसाठी एसव्हीजी किंवा लॉटी अजिबात नको, कारण गर्दीचं वर्णन रेघा-वर्तुळांत होत नाही.

मराठी मजकुरासाठी इथे एक खास सापळा आहे. टाइपरायटरसारखी एकेक अक्षर उमटणारी ॲनिमेशन बहुतेकदा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. 'मिरवणूक' हा शब्द संगणकात 'म' आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवलेला असतो. एकेक चिन्ह दाखवत गेलं तर आधी नुसता 'म' येतो, मग वेलांटी उडी मारून त्याच्या पुढ्यात बसते. जोडाक्षरं तर पाय मोडलेली दिसतात. म्हणून चिन्हागणिक नव्हे, तर पूर्ण अक्षरागणिक किंवा शब्दागणिक मजकूर आणावा.

फॉन्टचंही तसंच. एसव्हीजीमध्ये वापरलेला मराठी फॉन्ट पाहणाऱ्याच्या फोनवर नसेल, तर दुसराच फॉन्ट येतो आणि मांडणी विस्कटते. बोधचिन्हातल्या अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करून टाकणं सुरक्षित. मात्र मग ती अक्षरं मजकूर उरत नाहीत. दृष्टिहीन व्यक्तींचं वाचन सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. त्यामुळे तोच मजकूर चित्राच्या शीर्षकात किंवा पर्यायी मजकुरात लिहायला विसरू नये.

आणि ईमेलचं निमंत्रण?

इथे म्हातारी जीआयएफच कामाची. ईमेलमध्ये व्हिडिओ आपोआप चालेल याचा भरवसा नसतो. जुन्या आउटलुकच्या काही आवृत्त्या तर जीआयएफचीही फक्त पहिली फ्रेम दाखवतात. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण हे सगळं पहिल्याच फ्रेममध्ये हवं. 'सस्नेह निमंत्रण'पासून सुरुवात करून पत्ता शेवटी उलगडणारं ॲनिमेशन दिसायला छान, पण काही पाहुण्यांना पत्ता कधीच दिसणार नाही.

चमकणाऱ्या चित्रांचा धोका

हा मुद्दा सौंदर्याचा नाही, आरोग्याचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाचे वेगवान झोत दाखवले गेले आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काही व्यक्तींना अशा लखलखाटाने झटके येऊ शकतात. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत म्हणूनच सांगितलं आहे, की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लखलखू नये. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ इतर मजकुराशेजारी हलत राहणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची सोयही हवी.

इथेही फॉरमॅटचा संबंध येतो. वेबसाइटवर जीआयएफ थांबवण्याचं बटण सहसा नसतं, व्हिडिओला ते सहज देता येतं. शिवाय अनेक फोनमध्ये 'हालचाल कमी करा' अशी सेटिंग असते. एसव्हीजी किंवा व्हिडिओ वापरला, तर ती सेटिंग ओळखून स्थिर चित्र दाखवण्याची व्यवस्था वेबसाइटला करता येते.

थोडक्यात, निवड कशी करायची?

फाइल बनवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ती कुठे दिसणार आहे? दृश्य कॅमेऱ्यातलं आहे की रेखाटलेलं? आणि मागची पार्श्वभूमी पारदर्शक हवी का?

- कॅमेऱ्यातली क्लिप, सोशल मीडियासाठी: एमपी४.
- तीच क्लिप स्वतःच्या वेबसाइटवर: एमपी४, जोडीला वेबएम. आवाज बंद ठेवावा, नाहीतर बहुतेक फोनवर ती आपोआप सुरू होत नाही.
- व्हॉट्सॲप स्टिकर: वेबपी.
- वेबसाइटवरचं बोधचिन्ह किंवा चिन्हं: एसव्हीजी.
- ॲपमधलं गुंतागुंतीचं रेखाटलेलं ॲनिमेशन: लॉटी.
- ईमेल, किंवा कुठे उघडेल याची खात्री नसेल तर: जीआयएफ, पण लहान, कमी रंगांची आणि पहिल्या फ्रेममध्ये सगळं सांगणारी.

फाइल तयार झाली की आधी स्वतःलाच किंवा घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर पाठवून पाहावी. ज्याच्यासाठी निमंत्रण आहे, त्याचा फोन डिझाइनरच्या फोनइतका नवा असेलच असं नाही.

मूळ फाइल जपली तरच पुढच्या वर्षी कामी येते

एकेकाळी वेबवरचं ॲनिमेशन म्हणजे फ्लॅश असं समीकरण होतं. खेळ, कार्टून, शुभेच्छापत्रं, आख्ख्या वेबसाइट फ्लॅशमध्ये होत्या. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने ती चित्रं दाखवणंच बंद केलं. ज्यांच्याकडे मूळ रेखाटनं होती, त्यांना ती नव्या फॉरमॅटमध्ये आणता आली. ज्यांच्याकडे फक्त तयार फाइल उरली होती, त्यांचं बरंच काम ब्राउझरमधून दिसेनासं झालं. त्यातलं काही रफल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे इंटरनेट आर्काइव्हवर पुन्हा पाहता येतं, एवढाच दिलासा.

व्हॉट्सॲपवरून परत उतरवून घेतलेली क्लिप ही मूळ फाइल नव्हे. ती आकसलेली प्रत असते, आणि तिच्यातून गाळलेला रंग किंवा विरघळलेला अनुस्वार कोणत्याही सॉफ्टवेअरने जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातला व्हिडिओ, स्तर वेगळे ठेवलेलं रेखाटन आणि वापरलेला फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. सहकाऱ्याला मूळ फाइल द्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती न आकसता पोचते. फॉरमॅट येतील आणि जातील. मूळ काम हाती असेल, तर दर वेळी नव्या फॉरमॅटची फाइल काढणं काही मिनिटांचं काम आहे.